‘वॉबॅश हस्कर’चा चौदावा अंक

बर्लिंग्टन, आयोवा
८ सप्टेंबर १८८४

प्रिय सिला,

अक्षर ओळखून पत्र चुलीत घालायचा विचार असेल तर आधी वाच, मग घाल. चव्वेचाळीस वर्षांत मी तुला दोनदा लिहिलं. एकदा मावशी गेली तेव्हा आणि एकदा तुझा रॅन्सम गेला तेव्हा. दोन्ही वेळा तुझ्याकडून ओळही आली नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तुमच्या जिल्ह्याचं इतिहास मंडळ निघालं आहे म्हणे. त्याचे चिटणीस मिस्टर डेल यांचं मला पत्र आलं. १८४० च्या निवडणुकीत मी ‘वॉबॅश हस्कर’ नावाचं पक्षाचं वर्तमानपत्र काढत होतो, त्याचे अंक माझ्याकडे आहेत का, असं ते विचारतात. मला हसू आलं. मक्याचं कणीस सोलावं तसं विरोधकाला सोलायचं, म्हणून ते नाव. एप्रिलच्या शेवटापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत दर शनिवारी, एकूण अठ्ठावीस अंक. आमचा जनरल राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला आणि पत्र बंद पडलं. ते जपायला काढलेलंच नव्हतं. बायकांनी फडताळात अंथरलं, दुकानदारांनी त्यात चीज बांधून दिलं, शिकाऱ्यांनी त्याचे बोळे करून बंदुकीत ठासले. माझे स्वतःचे अंक एक्कावन्न साली छापखान्याबरोबर जळाले.

डेल लिहितात की सगळे अंक एकत्र असे त्यांना एकाच ठिकाणी सापडलेत, हार्मन्स लँडिंगला, नावाडी पेटेंगिलच्या विधवेकडे, म्हणजे तुझ्याकडे. ते वाक्य मी तीनदा वाचलं. ज्या पत्राने रॅन्समला निवडणुकीत पाडलं, तेच त्याने शिवून ठेवलं?

माझं मागणं एवढंच आहे. सत्तावीस अंक मंडळाला खुशाल दे. चौदावा मात्र माझ्याकडे पाठव. त्यात काय आहे ते तुला माहीत आहे. डॉक्टर म्हणतात माझ्या छातीचा आता भरवसा नाही. कोणीतरी तो अंक उघडेल आणि खाली ‘चालक व मुद्रक ऑरिन थेयर’ असं वाचेल, हे डोक्यात ठेवून मला मरायचं नाही.

तुझा मावसभाऊ,
ऑरिन

हार्मन्स लँडिंग, इंडियाना
१९ सप्टेंबर १८८४

श्रीयुत थेयर,

तुमचं पत्र पोचलं. अंक माझ्याकडेच आहेत. रॅन्सम गेल्यावर त्याच्या पेटीत मेणकापडात गुंडाळलेले सापडले. त्याने ते कधी आणि का शिवले, मला सांगितलं नव्हतं. पुष्कळ गोष्टी सांगितल्या नव्हत्या.

चौदावा अंक मी त्या वेळी एकदाच वाचला होता. काल चष्मा लावून पुन्हा वाचला. तुम्हाला आठवत नसेल म्हणून लिहिते. १८३३ च्या कॉलऱ्यात, ऑगस्ट महिन्यात, पलीकडच्या काठावर एक कुटुंब गाडी घेऊन उभं होतं. नवरा, बायको, दोन मुलं. बायको आजारी. दोन दिवस त्यांनी हाका मारल्या आणि नावाडी रॅन्सम पेटेंगिल नाव बांधून, हाक ऐकूनही, मक्याच्या शेतात निघून गेला. बाई गाडीखाली मेली. असा माणूस तुमच्यासाठी विधानसभेत काय बोलणार, असं शेवटी विचारलं आहे. वाक्यं चांगली आहेत. तुम्ही लहानपणापासून चांगलंच लिहायचात.

अंक निघाला शनिवारी, पंचवीस जुलैला. मतदान तीन ऑगस्टला झालं. रॅन्सम एकतीस मतांनी पडला आणि तुमचे मेजर टिल्सन निवडून आले.

अंक फाटणार नाही. मंडळाला जाईल तर अठ्ठावीसही जातील. मात्र तुम्हाला एक करता येईल. त्यात लिहिलेलं खोटं असेल तर खोटं आहे असं सहीनिशी लिहून पाठवा, मी ते अंकाबरोबर देईन. खरं असेल तर लिहायची गरज नाही.

ड्रुसिला पेटेंगिल

बर्लिंग्टन
३० सप्टेंबर १८८४

प्रिय सिला,

तू मला ‘तुम्ही’ लिहितेस. व्हरमाँटला एका ताटात जेवलो आपण, एका बोटीतून पश्चिमेला आलो. असो. तो तुझा हक्क आहे.

तुला त्या दिवसांची कल्पना नाही असं नाही, तरी पुन्हा सांगतो. तेव्हा सगळेच तसं लिहीत. डेमोक्रॅटांच्या पत्राने माझ्याबद्दल छापलं होतं की मी चर्चमधून स्तोत्रांची पुस्तकं चोरली. मी त्यांच्या संपादकाला गाढव म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही एकाच खानावळीत शेजारी बसून डुकराचं मांस खाल्लं. पक्षाच्या कमिटीकडून मजकूर यायचा, मुद्रक तो अक्षरांच्या खिळ्यांत जुळवायचा. मुद्रकाने प्रत्येक गोष्टीची चौकशी करत बसायचं म्हटलं तर शनिवारी अंक निघेल का? आणि आज तरी काय वेगळं आहे? या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन्ही उमेदवारांबद्दल काय काय छापून येतंय ते पाहतेच आहेस. मी हल्ली वर्तमानपत्र दुमडून बाजूला ठेवतो. वाचून दमायला होतं.

सोबत निवेदन जोडलं आहे. ‘अंक चौदामधील मजकूर निवडणुकीच्या धामधुमीत छापला गेला व त्यातील सर्वच तपशिलांची खातरजमा त्या वेळी होऊ शकली नाही.’ खाली सही केली आहे. याने तुझं समाधान व्हावं.

ऑरिन

हार्मन्स लँडिंग
९ ऑक्टोबर १८८४

श्रीयुत थेयर,

तुमचं निवेदन परत पाठवते आहे. त्यातून काहीच कळत नाही. तसंच कळू नये म्हणून ते लिहिलेलं आहे.

मी एकाहत्तर वर्षांची आहे. माझी बोटं आता शिवणाला वळत नाहीत आणि एक पत्र लिहायला मला दोन दिवस लागतात. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

तो शनिवार मला आठवतो. टिल्सनच्या सुनेने अंक मुद्दाम माझ्या हातात आणून दिला. रॅन्सम नदीवरून आला तेव्हा मी तो टेबलावर ठेवला आणि विचारलं, “हे खरं आहे का?” त्याने वाचलं. सावकाश वाचलं, त्याला भरभर वाचता येत नसे. मग म्हणाला, “छापलंय ना.” मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, “छापलंय तर लोक खरंच मानणार. आता जेवायला वाढ.”

मी वाढलं. त्या दिवसापासून एकोणचाळीस वर्षं वाढत राहिले, तो मरेपर्यंत. भांडण झालं नाही. गावात कोणी त्याला काही बोललं तर मी त्याची बाजू घेतली. पण मनात मी धरून चालले की माणूस भेकड आहे. कॉलऱ्याच्या वेळी आमचा जेरेड गेला, चार वर्षांचा होता, ते तुम्हाला ठाऊक आहे. कोणाची तरी आई पलीकडे मरत होती आणि हा शेतात गेला, म्हणून देवाने आमचं पोर नेलं, असंही कधी कधी मनात यायचं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आमच्या लेकीला, लव्हिनालासुद्धा नाही.

तेव्हा मला तुमची दिलगिरी नको आहे. मला एवढंच हवं आहे की ते खरं होतं का. मिस्टर डेल नोव्हेंबरची निवडणूक आटोपल्यावर येणार आहेत.

ड्रुसिला पेटेंगिल

बर्लिंग्टन
२० ऑक्टोबर १८८४

सिला,

ते खोटं होतं. याहून जास्त लिहिता येत नाही. मी शब्द दिला आहे.

ऑरिन

हार्मन्स लँडिंग
२७ ऑक्टोबर १८८४

कोणाला शब्द दिला आहे? टिल्सन मेला, तुमची कमिटी मेली, रॅन्सम जाऊन पाच वर्षं झाली. ज्याला ते कळू नये म्हणून तुम्ही गप्प आहात असा एकच माणूस उरला असेल तर तो मीच असणार, आणि मीच विचारते आहे.

ड्रुसिला

बर्लिंग्टन
५ नोव्हेंबर १८८४

प्रिय सिला,

काल मत देऊन आलो. कोण निवडून आलं ते अजून कोणाला माहीत नाही, चौकात लोक तारघरापुढे उभे आहेत. माझा नातजावई मला तिकडे नेणार होता. मी म्हटलं, तू जा, मला पत्र लिहायचं आहे.

आधी माझ्याबद्दल. तो मजकूर कमिटीकडून आला नव्हता. कमिटीने फक्त सांगितलं, पेटेंगिलवर काहीतरी काढ, तो जड जातो आहे. मी कागदावर न लिहिता उभ्याउभ्या खिळे जुळवत तो मजकूर केला. हाका मारणारं कुटुंब खरं होतं, गावात त्याची कुजबुज होती. ‘हाक ऐकूनही’ हे शब्द माझे. आणि तो जुळवताना मला एक गोष्ट ठाऊक होती. नाव चालवायची नाही, पलीकडच्या कोणालाही आणायचं नाही, असा हुकूम तेहतीस साली गावच्या पंचांनीच काढला होता. तो मीच छापला होता, झाडांवर चिकटवायला. खाली तीन सह्या होत्या आणि त्यातली पहिली मेजर टिल्सनची होती. म्हणजे ज्याने नाव बंद केली तो नाव बंद होती म्हणून निवडून आला. हे मला समजत होतं. मी तरुण होतो, असं म्हणणार होतो, पण मी तीस वर्षांचा होतो.

आता त्याच्याबद्दल. अंक निघाला त्यानंतरच्या सोमवारी दुपारी रॅन्सम छापखान्यात आला. मला वाटलं मारायला आला, म्हणून मी लाकडी हातोडा हातात घेतला. तो कागदाच्या गठ्ठ्यावर बसला आणि टोपी काढून म्हणाला, “ऑरिन, तू छापलंस ते खोटं आहे.”

मी म्हणालो, “मला माहीत आहे. हुकूम मीच छापला होता.”

“तुला अर्धंच माहीत आहे,” तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. पहिला दिवस त्याने हुकूम पाळला. रात्रभर त्या माणसाची हाक येत राहिली. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, उजाडायच्या आत तो एकटा नाव घेऊन गेला आणि चौघांना घेऊन आला. गावात आणता येईना म्हणून खाली मीठ उकळायची जी पडकी झोपडी होती तिथे त्यांना ठेवलं. चार दिवस पाणी नेलं, रस्सा नेला. बाईला स्वतःच्या हातांनी धुतलं पुसलं. ती शुक्रवारी गेली, तिला त्यानेच पुरलं. नवरा आणि दोन्ही मुलं जगली आणि पुढे इलिनॉयकडे निघून गेली. रोज घरी येण्याआधी तो नदीत उतरून अंग धूत असे. त्याला वाटलं तेवढं पुरे.

मी घाबरलो होतो आणि मला लाजही वाटली. मी म्हटलं, “शनिवारी दुरुस्ती छापतो. हे सगळं छापतो. तू सोमवारी निवडून येशील.”

तो म्हणाला, “नको.”

“का?”

“सिला दिवस मोजेल. ती हुशार आहे. मी त्यांना मंगळवारी आणलं आणि आमचा जेरेड त्याच्या पुढच्या सोमवारी गेला. ती मोजेल आणि तिला कळेल आजार घरात कोणी आणला.”

सिला, हे वाक्य मी तुझ्यापासून चव्वेचाळीस वर्षं लपवलं. पण आणखी एक राहिलं आहे. तो पुढे म्हणाला, “ती म्हणते, स्टीमबोटवाल्याकडून घेतलेली कलिंगडाची फोड तिने पोराला दिली म्हणून तो गेला. सात वर्षं तेच म्हणते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हाच मी बोलायला हवं होतं. तेव्हा गप्प बसलो. आता कुठल्या तोंडाने सांगू?”

मी शब्द दिला. मला वाईट वाटलं हे खरं आहे, पण त्याहून जास्त मला सुटल्यासारखं वाटलं. दुरुस्ती छापली असती तर टिल्सनने माझा छापखाना ठेवला नसता. तो दारातून बाहेर पडला आणि मी त्याच हाताने पंधराव्या अंकाचे खिळे जुळवायला घेतले.

जाताना त्याने एकच मागितलं. मागचे अंक दे आणि पुढचे सगळे मला पाठवत जा. मी शेवटपर्यंत पाठवले. त्याने ते का जपले, मला ठाऊक नाही. दर शनिवारी उघडून पाहत असेल, मी शब्द पाळतो आहे की नाही.

सोबत सहीचा कागद आहे. मजकूर, हुकूम, टिल्सन, झोपडी, सगळं आहे. जेरेडचा भाग शेवटी वेगळ्या कागदावर लिहिला आहे. तो द्यायचा की नाही, तू ठरव.

ऑरिन

बर्लिंग्टन
२४ नोव्हेंबर १८८४

प्रिय सिला,

पत्र पोचलं का एवढंच कळव. पोस्टात हरवलं असेल तर मला ते दुसऱ्यांदा लिहिता येणार नाही. तू आजारी असशील तर लव्हिनाला दोन ओळी लिहायला सांग.

ऑरिन

हार्मन्स लँडिंग
७ डिसेंबर १८८४

ऑरिन,

तुझं पत्र पोचलं होतं. मी आजारी नव्हते. मला वेळ लागला.

पहिले काही दिवस मी तुझ्यावर चिडले होते. ते सोपं होतं, त्याची मला सवय आहे. मग मी रॅन्समवर चिडले, आणि त्या रागात मला घरात बसवेना. मी लव्हिनाची शाल घेऊन खाली नदीवर गेले. मीठवाल्यांच्या झोपडीचं आता काही उरलेलं नाही, रेल्वेच्या पुलाचा खांब तिथेच आला आहे. मी तिथे उभी राहून त्याला विचारलं, पोर मी मारलं असं मी तुझ्यासमोर बसून म्हणत होते आणि तू भाकरी मोडत होतास? थंडी होती. लव्हिना शोधत आली आणि मला घरी घेऊन गेली.

एकोणपन्नास साली एकदा जेवताना मी असंच काही म्हणाले होते. कोणीतरी दारात कलिंगडं विकायला आणली होती. रॅन्सम ताट सोडून उठला आणि नावेवर जाऊन बसला. मला वाटलं, माझ्या रडण्याचा त्याला कंटाळा आला. आज कळलं की मी त्या माणसाचं काहीच बरोबर वाचलं नव्हतं. आणि तू म्हणतोस मी हुशार.

दिवस मी मोजले. त्याचा अंदाज बरोबर होता, मी पत्र वाचता वाचताच बोटांवर मोजले. मंगळवार ते सोमवार. पण मला आता हेही वाटतं की त्या वर्षी गावात आणखी तिघं गेली, त्यांच्या घरी कोणी झोपडीतून आलं नव्हतं. कशाने गेला ते रॅन्समलाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही. दोघांनी आपापल्यापुरतं धरून ठेवलं होतं, एकाच घरात.

लव्हिनाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बाबा मला नेहमी नदीकाठच्या त्या वळणाशी घेऊन जायचे आणि टोपी काढून उभे राहायचे. मी विचारलं की म्हणायचे, वारा लागतोय बरा.” तिथे ती बाई पुरलेली असणार. लव्हिनाने जागा दाखवली. गवत आहे, दुसरं काही नाही.

मिस्टर डेल मंगळवारी येऊन गेले. भला माणूस आहे. अंक हातात घेताना त्याने हातमोजे काढून हात पुसले. अठ्ठावीसही दिले आणि तुझे दोन्ही कागद दिले. जेरेडचाही. अर्धंच छापायची सवय तुझी होती, मला ती लावून घ्यायची नाही. त्याचं म्हणणं पडलं की निवेदन वेगळ्या खणात ठेवू, म्हणजे जुन्या अंकांना धक्का लागणार नाही. मी म्हटलं, वेगळा खण कोणी उघडत नाही. शेवटी त्याने चौदाव्या अंकासमोर ते माझ्यादेखत चिकटवलं. आता जो एक वाचेल त्याला दुसरंही वाचावं लागेल. तुझं नाव दोन्हींखाली आहे. तेवढं तुला सोसावं लागेल.

मी तुला माफ केलं का, असं तू विचारलेलं नाहीस, ते बरं केलंस. मला माहीत नाही. मी थकले आहे, ऑरिन. राग धरायलाही अंगात जोर लागतो. एवढं मात्र खरं की रॅन्समने मला तेहतीस साली सांगितलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. चाळीस सालीही काढलं असतं. त्याने मला बरोबर ओळखलं होतं. ऐकून घेण्याइतकी मी आत्ता कुठे म्हातारी झाले, आणि सांगायला तो राहिला नाही.

तू इकडे यायचा विचार करू नकोस, या थंडीत तुझी छाती प्रवासाला टिकणार नाही. पत्र लिही. व्हरमाँटचं लिही, आईचं लिही, तुला जास्त आठवतं.

एक गोष्ट लव्हिनाला लिहून दिली आहे, तुलाही कळवते. रॅन्सम गेला तेव्हा मी तिला सांगून ठेवलं होतं की मला त्याच्याजवळ पुरू नका, टेकडीवर माझ्या बहिणीशेजारी जागा बघा. ते मी मोडलं. आता नदीकाठीच, त्याच्या रांगेत. आमच्या मध्ये जेरेडची जागा आहे. तेवढं अंतर राहू दे.

सिला